नाशिकच्या धरणांवर मरळीसाठी कायाक: बासची सामग्री इथे कितपत चालेल?

पहाटवारा (धागाकर्ता)

नमस्कार. चार वर्षे नोकरीनिमित्त अमेरिकेत, पूर्व टेक्सासमध्ये राहून मी गेल्या दिवाळीत नाशिकला कायमचा परतलो. तिथे एका सहकाऱ्याने मला लेक फोर्क या सुमारे २७,००० एकरांच्या तलावावर नेले आणि कायाकमधून, म्हणजे एका माणसाच्या लहान होडीतून, बास हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा धरायला शिकवले. टेक्सासच्या नोंदीतला सर्वांत मोठा लार्जमाउथ बास, १८.१८ पौंडांचा म्हणजे जवळजवळ सव्वाआठ किलोंचा, जानेवारी १९९२ मध्ये याच तलावात मिळाला होता. माझ्या गळाला तेवढा मासा कधी लागला नाही. परंतु पहाटे, पाण्यात उभ्या असलेल्या वाळक्या खोडांमधून आवाज न करता होडी सरकवायची आणि खोडाच्या सावलीत आमिष टाकून श्वास रोखून बसायचे, याची जी ओढ लागली ती इथे आल्यावरही कमी झालेली नाही.

आपल्याकडे बास नाही, पण मरळ आहे. लहानपणी इगतपुरी तालुक्यात मामांच्या गावी मी ती पाहिली आहे: पाणगवतात निश्चल दबा धरून बसणारी, आणि हल्ला करते तेव्हा पाणी फुटल्यासारखा आवाज करणारी. दोन्ही माशांची शिकारीची पद्धत मला इतकी सारखी वाटते की बाससाठी घेतलेले सामान मरळीला चालावे असा माझा अंदाज आहे. सोबत आणलेले दोन रॉड, म्हणजे गळाच्या काठ्या, असे: ७ फुटांचा मीडियम हेवी, फास्ट ॲक्शनचा बेटकास्टिंग रॉड, आणि ६ फूट ८ इंचांचा मीडियम स्पिनिंग रॉड.

कायाक मात्र नव्याने घ्यायची आहे आणि तिथेच माझे अडले आहे. माझ्यासमोर तीन पर्याय आहेत. पहिला, १० फुटी, कडक प्लॅस्टिकची, वर बसायची आणि वल्ह्याने चालवायची कायाक. दुसरा, १२ फुटी, पायांनी पेडल मारून चालणारी. तिसरा, हवा भरायची. माझे वजन ८४ किलो आहे, पोहणे येते, घर तिसऱ्या मजल्यावर आहे, गाडी चार मीटरच्या आतली लहान आहे आणि बहुतेक वेळा मी एकटाच जाईन. अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे ही विनंती.

दारणाकाठ

पहाटवारा, तुमचा अंदाज बराचसा बरोबर आहे, परंतु जिथे तो चुकतो तिथे मासा सुटतो किंवा हाताचे बोट फाटते, म्हणून आधी माशांतला फरक सांगतो. मी बावीस वर्षे गळाने मासेमारी करतो आहे, त्यांतली शेवटची सहा कायाकमधून.

बास तोंड उघडून भक्ष्यासकट पाणी आत ओढून घेतो. त्याचे दात खरखरीत कागदासारखे असतात, म्हणून तिकडे अंगठा खालच्या ओठात घालून मासा उचलतात. मरळीला असे कधीही धरू नका. तिचे दात खरोखरीचे दात आहेत आणि जबडा हाडाचा, कठीण आहे. ओठ पकडण्याचा चिमटा आणि लांब नाकाची पक्कड या दोन वस्तू तरंगवणाऱ्या जॅकेटला दोरीने बांधलेल्याच हव्यात.

दुसरा फरक श्वासाचा. मरळ पाण्यातल्या प्राणवायूवर भागवत नाही. तिला ठरावीक वेळाने वर येऊन हवा घ्यावीच लागते. पृष्ठभागावर उठणारे ते लहानसे वर्तुळ आणि मागे राहणारे बुडबुडे ओळखता आले की निम्मे काम झाले. नवखा माणूस वर्तुळावरच आमिषाचा रबरी बेडूक फेकतो आणि मरळ खाली निघून जाते. फेक त्या जागेच्या दोन-तीन हात पलीकडे करावी आणि बेडूक थांबत थांबत त्या जागेवरून आणावा.

आता सामान. तुमचा ७ फुटी मीडियम हेवी हाच मरळीचा रॉड आहे, नवा घेऊ नका. रॉडची पॉवर म्हणजे तो वाकवायला लागणारा जोर आणि ॲक्शन म्हणजे तो कुठून वाकतो ते. या दोन गोष्टींची गल्लत दुकानातसुद्धा होते. आपल्याला खालच्या भागात ताठ राहणारा, शेंड्याकडेच वाकणारा रॉड हवा, कारण मरळीच्या कठीण जबड्यात गळ रुतवायला जोर लागतो आणि आपण बसलेले असल्यामुळे अंगाचा तो जोर निम्माच मिळतो. कायाकमध्ये रॉडची मागची मूठ लांब असली तर ती प्रत्येक झटक्याला जॅकेटमध्ये अडकते. तुमच्या रॉडची मूठ कोपरापेक्षा फार पुढे येत असेल तर मूठ आखूड असलेला ६ फूट ८ इंचांच्या आसपासचा रॉड पुढे कधीतरी पाहा. आज गरज नाही. रीळ ७:१ च्या आसपासचे, म्हणजे मुठीच्या एका फेरीत सुमारे सात वेळा फिरणारे ठेवा. गळ लागलेली मरळ अनेकदा होडीकडेच धावते आणि ढिली पडलेली दोरी झपाट्याने गुंडाळता आली नाही तर ती गवतात शिरते.

दोरी ब्रेडेड म्हणजे विणलेली, ४० ते ५० पौंडांचा ताण सोसणारी. बेडूक थेट ब्रेडेडलाच बांधा. मध्ये फ्लुओरोकार्बनच्या पारदर्शक, एकसंध दोरीचा तुकडा जोडू नका, कारण ती दोरी बुडते, बेडकाचे नाक खाली ओढते आणि जोडाच्या गाठीला गवत चिकटते. पाण्याखाली रबरी किडा किंवा स्पिनरबेट (फिरत्या चकतीचे आमिष) चालवताना मात्र दातांसाठी अर्धा मीटर जाड फ्लुओरोकार्बन जरूर बांधा.

पोकळ रबरी बेडकाचे दोन गळ अंगाला चिकटून वर वळलेले असतात, म्हणून तो गवतावरून न अडकता सरकतो. मरळीने तो तोंडात दाबला की अंग चेपले जाऊन गळ उघडे पडतात. त्यामुळे पाणी फुटताच झटका देणारा माणूस मासा गमावतो. दोरी ताणली जाईपर्यंत थांबा, ढील गुंडाळा, मग झटका द्या. मला हे शिकायला दोन पावसाळे लागले.

खोल जाणारे क्रँकबेट (माशाच्या आकाराचे कडक आमिष) घरीच ठेवा. आपल्या धरणांच्या उथळ भागात बुडालेल्या बाभळी, जुने बांध आणि विहिरींचे कठडे आहेत. एका सकाळीत चार आमिषे जातील. शिवाय तिहेरी गळ लावलेले आमिष मांडीवर हलणाऱ्या माशासोबत कायाकमध्ये असणे धोक्याचे आहे. वापरायचेच असेल तर तिहेरी गळ काढून एकेरी लावा आणि काटा पकडीने चेपून टाका.

वल्हेकरी

मी मुलांना नौकानयन शिकवतो, त्यामुळे माशांपेक्षा पाण्याविषयी लिहितो.

चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला एकेरी नौकानयनात उतरले. त्या प्रकारातली शर्यतीची होडी सुमारे ८ मीटर लांब आणि पाण्यावर जेमतेम ३० सेंटीमीटर रुंद असते. वल्ही हातातून सुटली तर ती क्षणात उलटते. मासेमारीची कायाक याच्या अगदी उलट बाजूला उभी आहे: ३ ते ३.७ मीटर लांब आणि ७५ ते ९० सेंटीमीटर रुंद. लांबी वेग देते आणि रुंदी स्थैर्य देते, आणि एक मिळवताना दुसरे थोडे सोडावे लागते. तुमच्यासमोरचा प्रश्न मूलतः एवढाच आहे, आणि त्याचे उत्तर तुमच्या अंगात किती जोर आहे यापेक्षा तुम्ही कोणत्या पाण्यावर जाणार आहात यावर ठरते.

आपल्या जिल्ह्यातल्या गोदावरी, दारणा, कादवा या नद्या सह्याद्रीतून निघून पूर्वेकडे जातात. म्हणून बहुतेक धरणांची भिंत पूर्वेच्या अंगाला आणि पाण्याचा पसारा पश्चिमेला असतो. वैतरणा पश्चिमवाहिनी असल्यामुळे तिचा अपवाद. उन्हाळ्यात सकाळी नऊ-दहापर्यंत पाणी आरशासारखे असते आणि त्यानंतर पश्चिमेचा वारा सुटतो, जो थकलेल्या माणसाला भिंतीच्या दगडी पिचिंगकडे ढकलत नेतो. तिथे लाटा आपटतात, उतरायला जागा नसते, आणि भिंतीचा व दरवाजांचा परिसर सुरक्षेसाठी वर्ज्यही असतो. यासाठी नियम एकच ठेवा: सकाळी शांत पाण्यात पश्चिमेकडे जायचे आणि वारा पाठीशी घेऊन परतायचे. सकाळी वाऱ्याबरोबर पूर्वेला भटकून दुपारी वाऱ्याविरुद्ध परतण्याचा बेत करणारे लोक मी ओढून आणले आहेत.

भारक्षमतेचा हिशेब करा. कंपनी जो आकडा छापते त्याच्या ७० टक्क्यांपर्यंतच वजन ठेवले तर कायाक नीट वळते आणि पाण्यावर हलकी राहते. तुमचे ८४ किलो, सामान, पाणी, जॅकेट आणि वल्हे धरून १०५ किलो होतील. १०५ भागिले ०.७ म्हणजे १५०. त्यामुळे १५० किलोंपेक्षा कमी क्षमतेची कोणतीही कायाक यादीतून काढून टाका. तुमच्या यादीतल्या १० फुटी कायाकांपैकी काही इथेच गळतील.

आणि सर्वांत महत्त्वाचे. कायाक घेण्यापूर्वी, कुणाची तरी मागून घेऊन, कमरेच्या वर पाणी असलेल्या जागी मुद्दाम उलटा आणि पाय न टेकता परत चढून दाखवा. वर बसायच्या कायाकमध्ये तळाला आरपार भोके असतात, आत पाणी साठत नाही, आणि माणूस पाय झाडत पोटावर आडवा चढून मग वळून बसू शकतो. आत बसायच्या कायाकमध्ये पाणी भरते आणि ते उपसायला पंप लागतो. म्हणून एकट्याने जाणाऱ्याने वर बसायचीच घ्यावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

निफाडची_लेक

दादा, तिसऱ्या पर्यायाविषयी मी लिहिते, कारण माझ्याकडे तो तीन वर्षे आहे. माझेही घर वरच्या मजल्यावर आहे आणि कडक कायाक लिफ्टमध्ये मावत नाही, म्हणून मी हवेची घेतली. ती पिशवीत मावते, १६ किलो भरते आणि मी ती एकटी उचलते. जिचा तळ आतल्या हजारो धाग्यांनी ताणून सपाट केलेला असतो, तशीच घ्या. नुसत्या नळ्यांची गादीसारखी कायाक वाऱ्यात पानासारखी भरकटते.

दोन गोष्टी मात्र कुणी सांगितल्या नव्हत्या आणि मला त्या भोगून कळल्या. पहिली उन्हाची. सकाळी २५ अंशांना १० पीएसआय (दाबाचे माप) हवा भरलेली कायाक काठावर उन्हात तापून आतली हवा ५० अंशांवर गेली तर दाब सुमारे १२ पीएसआय होतो. पाण्यात असताना तळ थंड राहतो, म्हणून धोका पाण्यात नसून काठावर डबा खायला बसल्यावर असतो. बाहेर काढली की थोडी हवा सोडायची, ही सवय मी आता लावून घेतली आहे.

दुसरी बाभळीची. पाणी ओसरले की धरणाच्या काठावर बाभळीच्या फांद्या चिखलात दडून राहतात आणि त्यांचा काटा चपलेतून आरपार जातो, तिथे कायाकची काय कथा. मी दोनदा ठिगळ लावले. शिंगट्याचा काटा हे तिसरे कारण: तो मासा मांडीवर कधीच घेऊ नये, जाळीतच सोडवावा. मरळीच्या गवतात, बुडालेल्या झाडांत शिरायचे असेल तर माझ्या कायाकसारखी घेऊ नका, असे मी मनापासून सांगते. मी मोकळ्या पाण्यात रोहू-कटल्यासाठी बसते, तिथे ती उत्तम आहे.

तराफा

आमचे घर तीन पिढ्यांपासून धरणावर मासेमारी करते. इथे सगळे होडीविषयी आणि रॉडविषयी लिहीत आहेत, ते वाचायला आवडले, पण पाण्यावर आधीपासून कोण आहे याचाही विचार व्हावा म्हणून लिहितो.

धरणातली मासेमारी बहुतेक ठिकाणी ठेक्याने मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांकडे असते. संस्था मत्स्यबीज विकत घेऊन सोडते, त्याचे पैसे भरते, आणि मग वर्षभर त्यावर सभासदांची घरे चालतात. त्यामुळे गळ घेऊन येणाऱ्याने आधी संस्थेच्या माणसाला भेटावे, परवानगी आणि शुल्क विचारावे, आणि कोणते मासे नेता येतील ते ठरवून घ्यावे. जो विचारून येतो त्याला आम्ही चांगल्या जागा स्वतः दाखवतो. नांदूर मधमेश्वर हे तर पक्षी अभयारण्य आहे आणि २०२० मध्ये जाहीर झालेले रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागाही आहे. तिथे कायाक आणि गळ घेऊन जाण्याचा विचारच नको.

जाळ्यांविषयी. आम्ही संध्याकाळी जाळी लावतो आणि पहाटे उचलतो, म्हणजे नेमक्या तुमच्या वेळेला ती पाण्यात असतात. रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे ओळीने तरंगताना दिसले की ती जाळ्याची वरची दोरी समजा आणि टोकाला वळसा घालून जा. वल्ह्याची कायाक चुकून वरून गेली तरी सहसा निसटते. पेडलच्या कायाकचे पंखे तळाखाली हातभर खोल फिरतात, ते जाळ्यात गुंडाळले गेले की जाळे फाटते आणि माणूसही अडकतो. गेल्या वर्षी एका पाहुण्याने असे अडकल्यावर चाकूने जाळे कापून टाकले. ते जाळे माझ्या चुलत्यांचे होते आणि त्यांचा त्या आठवड्याचा धंदा बुडाला. चाकू जवळ जरूर ठेवा, जीव आधी आहे. पण कापले तर काठावर येऊन सांगा.

एक शेवटचे. पावसाळ्यात मरळीची पिल्ले लालसर घोळका करून पृष्ठभागावर फिरतात आणि आई-बाप खाली राखण करतात. त्या वेळी घोळक्याजवळ काहीही टाकले तरी ती चिडून हल्ला करते, म्हणून पकडणे अगदी सोपे असते. ती मरळ नेली तर तासाभरात इतर मासे घोळका संपवतात. आमच्या संस्थेत त्या दिवसांत मरळीला हात लावत नाहीत. तुम्हीही लावू नका.

पहाटवारा

तराफा दादा, तुमच्या चुलत्यांचे वाचून वाईट वाटले. परवानगीचा मुद्दा माझ्या मूळ लेखात पहिला यायला हवा होता. तिकडे परवाना संकेतस्थळावर मिळत असे आणि नियम छापील असत: लेक फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला बास परत सोडावाच लागतो, कारण तेच वय पुढची पिढी देते. इथेही माप घेऊन सोडण्याची सवय मी चालू ठेवीन.

वल्हेकरी, तुमच्या उलटण्याच्या मुद्द्यावर मला एक कबुली द्यायची आहे. टेक्सासमध्ये दुसऱ्याच महिन्यात मी उभा राहून फेक करताना पडलो होतो. जॅकेट मी सीटमागे ठेवले होते. कायाक माझ्यापासून वाऱ्याने दूर गेली आणि मला पोहता येत असूनही ती गाठायला जी काही मिनिटे लागली ती मी विसरलेलो नाही. दोन रॉड तळाशी गेले. तेव्हापासून मी जॅकेट काढलेले नाही, पण परत चढण्याचा सराव मात्र आजवर केलेला नाही, हे तुमचे लेखन वाचून लक्षात आले.

आता दोन प्रश्न. पेडलमुळे दोन्ही हात मोकळे राहतात आणि वाऱ्यात जागा धरून ठेवता येते, हा फायदा मी अनुभवला आहे. जाळ्यांचा विषय बाजूला ठेवला तर बाकीच्या दृष्टीने ती इथे कशी? आणि आपल्याकडे उभे राहून फेक करावी का?

दारणाकाठ

पेडलचे दोन प्रकार आहेत. एकात तळाखाली दोन पर पेंग्विनच्या पंखांसारखे डावी-उजवीकडे हलतात. होबी कंपनीने १९९७ मध्ये आणलेले मिराजड्राइव्ह हे त्याचे मूळ. दुसऱ्यात सायकलसारखे पेडल पंखा फिरवते आणि उलटे मारले की कायाक लगेच मागे येते. मोठ्या, खोल, मोकळ्या पाण्यासाठी दोन्ही उत्तम आहेत. परंतु मरळ असते दोन-तीन फूट पाण्यात, गवतात. तिथे पर वर घेऊन शेवटी वल्हेच हातात धरावे लागते, आणि मग ४५ ते ५० किलोंची ती कायाक वल्ह्याने हाकणे जड जाते.

त्याहून मोठी अडचण काठाची आहे. आपली धरणे सिंचनाची आहेत. प्रत्येक आवर्तनानंतर पाण्याची रेषा मागे जाते आणि एप्रिल-मे महिन्यांत गाडीपासून पाण्यापर्यंत भेगाळलेली जमीन आणि शेवटी गुडघाभर चिखल असतो. ३० किलोंची कायाक माणूस एकटा ओढत नेतो. ५० किलोंची नेताना मी माझ्या मित्राची कंबर धरलेली पाहिली आहे. १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर, तुमच्या गाडीएवढीच लांबी. टपावर एकट्याने चढवणे रोजचे काम होणार नाही आणि मग तुमच्या फेऱ्या कमी होतील.

उभे राहण्याविषयी वल्हेकरी यांनीच सांगावे.

वल्हेकरी

पहिले वर्ष नको. ८५ सेंटीमीटरपेक्षा रुंद, सपाट तळाच्या कायाकवर उभे राहता येते हे खरे. परंतु अशी कायाक शांत पाण्यात अगदी पक्की वाटते आणि एका मर्यादेपलीकडे कलली की सावरायला वेळ न देता उलटते. अरुंद, गोलसर तळाची कायाक सुरुवातीपासून डुलते पण कलूनही धरून राहते. हा फरक दुकानात बसून कळत नाही. मरळीसाठी उंचावरून पाहण्याचा फायदा आहे, हे मान्य. त्यासाठी सीट उंच करता येईल अशी कायाक घ्या, तेवढ्याने काम भागते.

वल्हे कायाकच्या रुंदीवरून निवडा. ८० सेंटीमीटर रुंदीला आणि उंच सीटला २४० ते २५० सेंटीमीटरचे वल्हे लागते. सोबत फुकट मिळणारे २२० चे वल्हे प्रत्येक हाताला कडेवर आपटते, पाणी मांडीवर येते आणि दोन तासांत खांदे भरतात. जॅकेटवर ५० न्यूटन (तरंगवण्याच्या जोराचे माप) लिहिले असेल तर ते पोहता येणाऱ्यासाठी तरंगण्याचे साहाय्य आहे. १०० न्यूटनचे जॅकेट माणसाला चेहरा वर करून तरंगवण्यासाठी असते. तुम्हाला पोहता येते आणि हात मोकळे हवेत, म्हणून ५० चे, पाठीचा फोम उंच असलेले घ्या, म्हणजे सीटच्या पाठीला अडणार नाही. न पोहणाऱ्या पाहुण्याला मात्र १०० चेच द्या.

नांगर असेल तर तो पुढच्या किंवा मागच्या टोकालाच बांधा. कायाकच्या मध्याला, बाजूला बांधला आणि पाण्याला ओढ असली तर ती आडवी होऊन उलटते. आणि वळवाच्या दिवसांत ढगाचा पहिला गडगडाट ऐकताच काठावर या. कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो आणि उघड्या पाण्यावर तुम्ही सर्वांत उंच असता.

कळसूबाई_छाया

मी नवीन सभासद आहे. इतके सगळे वाचून एक प्रश्न पडला. बास इतका लढाऊ मासा आहे आणि आपल्याकडे पाणीही आहे, तर त्याची पिल्ले आणून एखाद्या लहान धरणात सोडता येणार नाहीत का?

दारणाकाठ

कृपा करून हा विचार सोडून द्या. मला बासविषयी आदर आहे, पण त्याच्या घरी. जपानमध्ये १९२५ साली अमेरिकेतून बास आणून आशी सरोवरात सोडले. तिथून तो देशभर पसरला, मूळचे लहान मासे आणि कोळंबी खात सुटला, आणि शेवटी २००५ मध्ये कायद्याने त्याला परक्या उपद्रवी जातींच्या यादीत घालावे लागले. २००९ मध्ये बिवा सरोवरात १० किलोंवरचा बास मिळाला आणि त्याने अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या १९३२ च्या जागतिक विक्रमाशी बरोबरी केली, ही बातमी आपण कौतुकाने वाचतो. परंतु तो मासा इतका वाढला तो कुणाच्या जिवावर, हेही पाहायला हवे. आपल्याकडे चिलापी (तिलापिया) आणि बंदी असलेला आफ्रिकन मागूर यांनी काय केले ते तराफा दादा जास्त चांगले सांगतील.

तराफा

चिलापी एकदा शिरली की जाळ्यात तीच येते, आणि तिला भाव नाही. संस्थेने सोडलेले कटल्याचे बीज मात्र दिसत नाही. आणखी एक खाणारे तोंड नको.

पहाटवारा

सात आठवड्यांनी लिहितो आहे, कारण तुमच्या सगळ्यांच्या सूचनांप्रमाणे करून पाहायला तेवढा वेळ लागला.

आधी मागून आणलेल्या दोन कायाकांवर उलटण्याचा आणि चढण्याचा सराव केला. ९० सेंटीमीटर रुंदीच्या कायाकवर मला पहिल्या पाच प्रयत्नांत चढताच आले नाही, कारण कड उंच होती आणि पोट वर येईना. ७९ सेंटीमीटरच्या कायाकवर दुसऱ्याच प्रयत्नात चढलो. निवड तिथेच झाली. साडेदहा फुटी, ७९ सेंटीमीटर रुंद, १६५ किलो क्षमतेची, ३१ किलो वजनाची, उंच सीटची, वल्ह्याची कायाक घेतली. पेडलसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून २४० सेंटीमीटरचे हलके वल्हे, चांगले जॅकेट आणि सीटला पाठीचा आधार घेतला, आणि तरीही काही रक्कम उरली. सोसायटीने वाहनतळात भिंतीलगत जागा दिली आहे. ती तिथे कडेवर उभी, रुंद पट्ट्यांवर टांगून ठेवतो, म्हणजे उन्हाळ्यात तळ दबून वाकडा होणार नाही.

मुकणे धरणावरच्या मत्स्य संस्थेच्या अध्यक्षांना भेटलो. त्यांनी शुल्क सांगितले, पश्चिमेच्या अंगाची गवताची खाडी दाखवली आणि जाळी कोणत्या रेषेत असतात ते काठावरच्या मातीत रेघ ओढून समजावले. पहिल्या दोन पहाटे काहीच लागले नाही. तिसऱ्या पहाटे साडेसहाच्या सुमारास गवताच्या कडेला वर्तुळ उठले. दारणाकाठ यांनी लिहिल्याप्रमाणे बेडूक पलीकडे टाकून थांबत आणला. पाणी फुटले तेव्हा हात झटक्यासाठी आपोआप उठला होता, तो मी मोठ्या कष्टाने थांबवला. दोरी ताणली, ढील गुंडाळली, झटका दिला, आणि पुढची तीन-चार मिनिटे मरळीने मला कायाकसकट गवतात ओढत नेले. बास इतका वेळ होडी ओढत नाही. ५८ सेंटीमीटर भरली. ओल्या हातांनी माप घेऊन सोडली. ती बाजूलाच एकदा वर येऊन हवा घेऊन गेली.

नऊला पहिली झुळूक आली तेव्हा वारा पाठीशी होता आणि मी वल्हे न मारताच निम्मा रस्ता परतलो. वाटेत एक तुटलेले जाळे बाभळीला अडकून वाहत होते, ते गुंडाळून काठावर संस्थेच्या माणसाकडे दिले.

एक अडचण उरली आहे. सीटमागे सरळ उभे ठेवलेले रॉड बुडालेल्या झाडांच्या फांद्यांत अडकतात आणि मागे वळून सोडवताना तोल जातो. रॉड आडवे, पायांच्या बाजूने पुढे ठेवता येतील असे होल्डर या आठवड्यात पीव्हीसी नळीचे करून पाहतो आहे. बसवून झाले की मापे इथेच देईन.